जादा लाइट

१

माझ्या वर्कशॉपमधून बाहेर पडण्याआधी प्रत्येक मोटरसायकल मागच्या भिंतीसमोर उभी राहते. हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला आहे. नाशिकच्या इंदिरानगरातला हा गाळा घेतला तेव्हा सगळ्यात आधी ती भिंत पांढरी करून घेतली आणि तिच्यावर आडवी काळी रेघ ओढली. गाडी स्टँडवर लावायची, इंजिन चालू करायचं, हेडलाइट रेघेच्या खाली पडतोय का ते बघायचं. मग हँडलवरच्या छोट्या स्विचने जादा लाइट लावायचे, त्याच स्विचने बंद करायचे. शेवटी किल्ली काढायची आणि मीटर लावून खात्री करायची की जादा लाइटच्या लाइनमध्ये कुठेही करंट राहिलेला नाही.

बंद करून बघणं महत्त्वाचं आहे. ते कोणीच करत नाही. लाइट लागले की गिऱ्हाईक खूश होतं आणि मिस्त्री हात पुसायला लागतो.

आमच्याकडे जादा लाइट बसवायचे म्हणजे हेडलाइटची वायर कापायची आणि तिथेच जोड मारायचा, अशीच रीत आहे. मी बॅटरीपासून वेगळी लाइन घेते. तिच्यात फ्यूज, पुढे रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, आणि रिलेला हुकूम किल्लीकडून. हेडलाइटच्या वायरीला मी हातही लावत नाही. जादा लाइट बिघडले तरी मूळचा दिवा जळत राहिला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे.

स्वीडनमध्ये पाच वर्षं शिकले. तिथे हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो आणि लोक भर दिवसाही दिवे लावून गाड्या चालवतात. पहिल्या वर्षी मला त्याचं हसू यायचं. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, घरून फोन आला की अश्विन गेला.

अश्विन माझा धाकटा भाऊ. कांद्याचा ट्रॅक्टर आदल्या संध्याकाळी पुढे गेला होता आणि हा लिलावासाठी पहाटे पाचला मोटरसायकलवर देवळ्याला निघाला होता. वाटेत बारी लागते, छोटा घाटच म्हणा. तिथल्या वळणावर तो सरळ गेला. पिऊन होता, असं गावात झालं. मला विमान मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आणि मी, त्याची सख्खी बहीण, तिकडे बर्फात बसून ते खरं मानलं.

शिक्षण संपलं तशी परत आले. आपल्याकडे अंधार जास्त नाही, उजेडाची हयगय जास्त आहे, हे मला लोकांना पटवायचं होतं. अजूनही पटवायचं आहे.

सोबत ललितला घेतलं. तो अश्विनचा जिवलग मित्र. गावाच्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं, ते बंद करून तो नाशिकला आला. हाताचा इतका नेटका की काढलेली वायरसुद्धा तळहाताभोवती गुंडाळून, गाठ मारून, मगच खाली ठेवायचा. मला ताई म्हणायचा. गेल्या वर्षी राखी मी त्यालाच बांधली. आईनेच सांगितलं होतं, हात रिकामा ठेवू नकोस म्हणून.

२

पुंजाराम बाबांची गाडी आली तो सोमवार होता. बारीच्या पलीकडच्या वस्तीवर राहणारा, सत्तरीचा माणूस. भाजी घेऊन पहाटे निघतो, डोळे कमी झालेत, म्हणून नातवाने लाइट बसवायला पाठवलेलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली: बंद करायचं बटण अंगठ्याखाली पाहिजे, हँडलवरचा हात न उचलता दाबता आलं पाहिजे.

कशासाठी, असं मी विचारलं.

“बारीत म्हसोबा हाय ना,” ते म्हणाले. “देवाच्या डोळ्यात एवढा उजेड मारायचा नाय. वळणाच्या आधी जादा लाइट बंद करायचे, साधा दिवा ठेवायचा. वळण सरलं का परत लावायचे. आमच्याकडचे समदेच करत्यात.”

मला हे माहीत नव्हतं. पाचवीपासून मी नाशिकला मावशीकडे, पुढे परदेशात. त्या बारीतून मी कायम एसटीच्या खिडकीतूनच गेलेली. मी वाद घातला. उजेडाची गरज सगळ्यात जास्त वळणावरच असते, देवाला हे कळत असेल, वगैरे. बाबा मान डोलवत राहिले.

“तू तिकडं शिकली, तुझं खरं आसंल. बटण मात्र अंगठ्याखाली दे.”

हसू आलं मला. ललितकडे पाहिलं, तोही हसत असेल म्हणून. तो पाठ करून बसला होता आणि पान्यांच्या डब्यात पक्कड ठेवत होता. पक्कड तिथे ठेवत नाहीत.

दुपारी गाडी भिंतीसमोर लावली. इंजिन सुरू केलं. हेडलाइट रेघेखाली पडला. स्विच दाबला, दोन्ही जादा लाइट लागले. पुन्हा दाबला, जादा लाइट गेले.

हेडलाइटही गेला.

एखादा सेकंद असेल. भिंत राखाडी झाली आणि मग हेडलाइट आपोआप परत आला. इंजिन एका लयीत चाललेलं. मी पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा तेच. माझ्या जोडणीत हे होणं शक्य नव्हतं. ती वायर मी शिवलेलीच नव्हती.

मागून ललित म्हणाला, लूज असेल कुठेतरी.

संध्याकाळपर्यंत मी सगळं उसवलं. लूज काहीच नव्हतं.

३

मंगळवारी एका शिक्षकाची गाडी होती, अगदी नवीन. जोडणी मी स्वतः केली, दोनदा तपासली. भिंतीसमोर लावून जादा लाइट बंद केले तर हेडलाइट गेला, आणि त्याच्यासोबत डोक्यावरची ट्यूबलाइटही गेली.

वीज गेली, असं मनाशी म्हटलं. इंदिरानगरात वीज जाते. पण त्या क्षणभरात माझ्या मानेवर वारा लागत होता. मी वर पाहिलं. ट्यूबच्या शेजारी पंखा फिरत होता, त्याचा वेगही कमी झाला नव्हता.

मग दिवे परत आले. ललित दाराजवळ उभा होता. चहा सांगून येतो म्हणाला आणि गेला तो तासाभराने आला.

त्या तासात मी तो स्विच अकरा वेळा दाबला. जादा लाइट जात होते, हेडलाइट शांतपणे जळत होता, जसा जळायला हवा तसा. बाराव्या वेळी दाबला तेव्हा ललित हेल्मेट खुंटीला अडकवत होता. हेडलाइट गेला. ट्यूब गेली.

माझ्याकडे चाचण्यांची वही आहे. वेळ, गाडी, व्होल्टेज, निकाल, असे रकाने. त्या रात्री घरी मी आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘ल. हजर’. लिहिताना लाज वाटली. पाच वर्षं ज्यांनी मला मोजायला शिकवलं त्यांच्यातल्या एकालाही हे पान दाखवता आलं नसतं. तरी मी मंगळवारच्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि त्या रकान्यात खुणा केल्या. एकही खूण चुकीच्या जागी पडत नव्हती.

४

बुधवारी भर दुपारी बारा वाजता, शटर पूर्ण वर करून, मी पुंजाराम बाबांची गाडी परत भिंतीसमोर घेतली. बाहेर ऊन असं होतं की डोळे दिपावेत. समोरच्या किराणा दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. ललित माझ्यापासून चार हातांवर केबल सोलत होता. मी त्याला काहीही न सांगता इंजिन सुरू केलं, लाइट लावले, आणि बंद केले.

हेडलाइट गेला. ट्यूब गेली. आणि दारातलं ऊन गेलं.

डोळ्यांसमोर बोट धरलं तर दिसेना. रेडिओ नव्हता. इंजिनाचा आवाज नव्हता, पण टाकीवर ठेवलेल्या माझ्या हाताला त्याची थरथर लागत होती. चप्पल हलवली तर तळाखाली खडी वाजली. माझ्या वर्कशॉपला फरशी आहे. थंडी होती, दवाची, ओल्या गवताचा वास असलेली.

आणि अगदी जवळ, कमरेच्या खाली, एक बारीक आवाज. टक. थांबून परत, टक. मग लागोपाठ, टक टक टक.

तो आवाज मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते. हँडलवरचा स्विच. कोणीतरी तो दाबत होतं, आणि काहीच लागत नव्हतं, आणि तरी दाबत होतं.

ऊन एकदम परत आलं. माझा हात टाकीवर होता, स्विचपासून वीतभर लांब. ललित बाजूच्या भिंतीला चिकटून उभा होता आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

मी काही विचारायच्या आधी तो म्हणाला, “ताई, हा स्विच कुणालाच देऊ नका. चालू राहू द्या कायम.”

काय ऐकलंस, असं मी विचारलं. काही नाही म्हणाला. मग स्विचचं का बोललास, विचारलं. तो अर्धी सोललेली केबल तशीच टाकून घरी गेला.

५

आईला फोन केला. म्हसोबाची रीत अश्विन पाळायचा का, एवढंच विचारायचं होतं. सरळ विचारता येईना, म्हणून आधी कांद्याचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं.

आई म्हणाली, पाळायचा म्हणजे काय, ती गोष्ट तो कधी चुकला नाही. नवे लाइट बसवून आणले त्या संध्याकाळी त्याने तिला अंगणात बोलावून दाखवलं होतं: हे असे लावायचे आणि म्हसोबापाशी असे बंद करायचे. दिवस मावळला नव्हता, तरी गोठ्यापर्यंत उजेड पडला म्हणाली.

कुठले लाइट, मी विचारलं. अश्विनच्या गाडीला जादा लाइट नव्हतेच. आल्यावर मी ती गाडी स्वतः पाहिली होती, गोठ्यामागे ताडपत्रीखाली. हँडल वाकलेलं, हेडलाइट फुटलेला. जादा लाइट नव्हते, क्लॅम्प नव्हते, स्विचही नव्हता.

“होते तर,” आई म्हणाली. “दोन दिवस आधी ललितनेच बसवून दिले होते. बारीत कुणी काढून नेले असतील. मेलेल्याचंही सोडत नाहीत लोक.”

मग तिने तेच विचारलं जे ती तीन वर्षं दर फोनला विचारते, दर वेळी नव्याने सुचल्यासारखं. “हर्षाली, तुला वाटतं का गं तो पिऊन होता? माझ्यासमोर चहा घेऊन निघाला होता तो.”

दर वेळी मी विषय बदलते. त्या दिवशी मला विषय सुचला नाही. दारूचा वास येत होता, असं गावात पहिल्यांदा कोणी सांगितलं, ते मी तिला विचारलं. तिने ललितचं नाव घेतलं. मला ते आधीच कळलं होतं.

६

गुरुवारी ललित येणार नाही असं वाटलं होतं. अकराच्या सुमारास आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि वहीतल्या कोऱ्या पानावर त्याच्यासमोर एक आकृती काढली. हेडलाइटची वायर कापलेली. कापलेल्या जागी स्विच. स्विचच्या पुढे हेडलाइट आणि जादा लाइट एकत्र जोडलेले. स्विच चालू असेपर्यंत सगळं झकास दिसणार. बंद केला की सगळंच बंद, म्हसोबाच्या वळणावरही.

तू अशी जोडली होतीस का, मी विचारलं.

त्याने आकृतीकडे नीट पाहिलं, मिस्त्री पाहतो तसं. मग खाली बसला.

सगळं सांगितलं. कांद्याच्या दिवसांत घाई होती, दिवसाउजेडी गाडी दिली, लाइट लागतात एवढं पाहिलं. बंद करून बघितलंच नाही. अश्विनने अंगणात बंद केले तेव्हाही ऊन होतं, हेडलाइट गेल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या पहाटे ललित स्वतःही मार्केटलाच निघाला होता. सहाच्या पुढे बारीत पोचला तर माणसं जमलेली, अश्विन संपलेला. गर्दी पांगल्यावर घाबरून त्याने वायरिंग काढून घेतलं. कोणीतरी विचारलं, पडला कसा, आणि त्याच्या तोंडून दारूचं निघून गेलं. एकदा निघाल्यावर परत घेता येईना.

“रोज वाटायचं सांगावं,” तो म्हणाला. “तुम्ही राखी बांधली तेव्हा तर तोंडाशी आलं होतं.”

मला त्याला मारावंसं वाटलं, ते मी लपवत नाही. पण खरं सांगते, सुटकाही वाटली. अश्विन पिऊन नव्हता. आईला सांगता येणार होतं, गावाला सांगता येणार होतं. आणि समोर जो रडत बसला होता त्याने चूक केली होती, आमच्याकडे शेकडो मिस्त्री रोज करतात तीच. हीच चूक पुसायला मी परत आले होते. जो कबूल करतो त्याला सुधारता येतं, असं मी मानते. मानत होते.

मी म्हटलं, आज दुपारी आपण गावी जाऊ, हे सगळं तू माझ्या आईसमोर बोलशील, मग चावडीवर बोलशील. त्याने मान हलवली. बोलेन म्हणाला, शप्पथ घेतली.

मग मी त्याला पुंजाराम बाबांच्या गाडीवर बसायला सांगितलं. माझी जोडणी बरोबर होती आणि ती मला बाबांना द्यायची होती. आता बोलून झालं, आता हेडलाइट जाणार नाही, असं मला का वाटलं ते सांगता येत नाही. वहीत त्याला कारण नाही.

नको ताई, म्हणाला. मी म्हटलं, दाब.

७

अंधार झाला. या वेळी मी घाबरले नाही, वाट पाहत राहिले. पायाखाली खडी. दवाची थंडी. टक. टक. सावकाश, मध्ये बराच वेळ सोडून.

मग थोड्या अंतरावर, जमिनीलगत, पांढरा उजेड दिसला. मोबाइलचा टॉर्च एका दगडाला टेकवून ठेवलेला. दगड शेंदराने माखलेला होता, त्यामुळे उजेडाची एक कड तांबडी दिसत होती. आडव्या पडलेल्या मोटरसायकलपाशी एक माणूस माझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. तो घाईत नव्हता. पक्कडीने क्लॅम्प सोडवत होता, आणि सुटलेली वायर तळहाताभोवती गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर त्याने तिला गाठ मारली.

त्याच्या आजूबाजूला दुसरं कोणीच नव्हतं. गर्दी नव्हती. आभाळाला कुठेही उजाडल्याची खूण नव्हती.

गाडीच्या पलीकडे, हँडलखाली अडकलेला एक हात होता. एवढाच दिसला, मनगटापासून पुढे. अंगठा स्विचवर होता. अंगठा हलत होता.

उकिडव्या माणसाने मान वर केली, काहीतरी ऐकल्यासारखी. हात लांब करून टॉर्च उचलला आणि विझवला.

मग ट्यूबलाइट, पंखा, अर्ध्या शटरखालून आलेलं ऊन. हेडलाइट रेघेच्या खाली स्वच्छ पडला होता. ललित गाडीवर ताठ बसला होता आणि भिंतीकडे पाहत होता. त्यानेही पाहिलं होतं.

मी इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली.

किती वेळ जिवंत होता तो, मी विचारलं.

“अर्धा तास,” ललित म्हणाला. “जास्तही असेल.”

काही बोलला का?

त्याने मान हलवली. “दिसत नाही म्हणाला. लाइट लाव म्हणत होता.”

“आणि तू टॉर्च का विझवलास?”

त्याने भिंतीवरून नजर काढली नाही. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगताना असतो तसा.

“खालून गाडी येत होती, ताई,” तो म्हणाला. “ते थांबले असते.”